ज्यांची हजेरी कोणी घेत नाही

गावात ज्येष्ठांसाठी काही करायचे ठरले की चर्चा नेहमीच्याच वाटेने जाते. देवळाशेजारी नाहीतर ग्रामपंचायतीच्या आवारात एक खोली बांधायची, तीत टीव्ही, कॅरम, दोन वर्तमानपत्रे आणि डझनभर खुर्च्या ठेवायच्या, दारावर ‘विरंगुळा केंद्र’ अशी पाटी लावायची आणि पुढाऱ्याच्या हस्ते फीत कापायची. ‘जन्मभर राबले, आता निवांत बसू द्या त्यांना,’ ही त्यामागची भावना. भावना मायेची आहे, पण विचार उथळ आहे. जुन्नर-आंबेगावसारख्या कष्टकऱ्यांच्या तालुक्यांत तर तो नुकसान करणारा आहे.

उतारवयात माणूस बसून सावरत नाही, बसून खचतो. म्हणून या लेखाचे म्हणणे असे की, ज्येष्ठांचे केंद्र म्हणजे वेळ घालवण्याची जागा हा समज सोडून दिला पाहिजे. ठरलेल्या वेळी जिथे जायचे असते, जिथे पायांना आणि डोक्याला नेमाने काम मिळते, जिथल्या कामाची गावालाही गरज असते, आणि दोन दिवस दिसले नाही तर कोणीतरी घरी विचारपूस करायला येते, अशी जागा म्हणजे केंद्र. ती घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ हवी. आणि ती आरोग्यसेवेचाच एक भाग आहे. अंगणवाडी जितकी गावाची जबाबदारी, तितकीच ही.

साठ हजारांचा प्रश्न

2011 च्या जनगणनेत जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सुमारे 4 लाख आणि आंबेगावची सुमारे 2 लाख 36 हजार होती. त्या वेळी राज्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण 9.9 टक्के होते. हीच सरासरी लावली तरी दोन्ही तालुक्यांत मिळून 60 हजारांहून अधिक ज्येष्ठ होतात. केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार 2031 पर्यंत महाराष्ट्रातले हे प्रमाण 15 टक्क्यांवर जाईल. तरुण पोरे चाकण, रांजणगाव, पिंपरी-चिंचवड आणि मुंबईकडे गेलेल्या गावांत ते सरासरीपेक्षा वर असणार, हे उघड आहे.

या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मुंबईचे डबेवाले आणि माथाडी मोठ्या संख्येने खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यातून गेलेले. तीस-पस्तीस वर्षे ज्याने लोकलच्या वेळा सांभाळून, डोक्यावर डब्यांची पाटी घेऊन, जेवणाच्या सुट्टीआधी डबा पोहोचवला, तो माणूस एके दिवशी गावी परततो. शेती भावाच्या किंवा मुलाच्या हातात गेलेली असते. सकाळी अमुक वाजता अमुक ठिकाणी असलेच पाहिजे, हा ज्याच्या अंगात मुरलेला नेम, त्याला अचानक कुठेच जायचे नसते. त्याच्या ओसरीवर आरामखुर्ची आणून ठेवणे म्हणजे त्याची काळजी घेणे, असे घरच्यांना मनापासून वाटते. त्याच खुर्चीत त्याचे गुडघे आणि उमेद दोन्ही आखडत जातात.

1. आधी पाय

उतारवयात ताकद किती झपाट्याने जाते, याची बहुतेकांना कल्पना नसते. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 2007 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या डझनभर निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले गेले. त्यांना आजार नव्हता, ताप नव्हता. फक्त ते उठत नव्हते. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे जवळपास एक किलो स्नायू झडले. उलट बाजू त्याच नियतकालिकाने 1990 मध्ये दाखवली होती. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला, तेव्हा पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. म्हणजे ताकद जाते ती वयापायी जितकी, तितकीच न वापरल्यामुळेही. आणि नव्वदीतही ती काही प्रमाणात परत येते.

यावर गावाकडे ठरलेले उत्तर मिळते : ‘आमची म्हातारी माणसं शेतात राबतातच की, त्यांना कसला व्यायाम?’ यात निम्मे खरे आहे. शेतातल्या कामाने हृदय आणि फुप्फुसे चांगली राहतात. पण कांदा काटायला दिवसभर उकिडवे बसणे, वाकून खुरपणे किंवा भातलावणीत पाठ दुमडून राहणे या कामांनी ठरावीक सांधे झिजतात, तोल मात्र सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम श्रमांखेरीज, आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम वेगळे सांगितले. शिवाय शेतातले काम एक तर पूर्ण असते, नाहीतर शून्य. मोतीबिंदू उतरला, रक्तदाब वाढला किंवा बांधावरून पाय घसरला की काम एकदम थांबते आणि माणूस शेतातून थेट खाटेवर येतो. मधली पायरीच नाही. केंद्राने ती पायरी व्हायचे आहे.

हे मोजणेही सोपे आहे. ग्रामपंचायतीत असते तशी एक बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. आजींना तीवर बसवायचे, हात छातीवर दुमडायला सांगायचे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजायचे. सत्तरीत नुकतेच पाऊल टाकलेल्या बाईला दहा वेळाही उठता आले नाही, तर तिला पडण्याचा धोका जास्त, असे या चाचणीत मानतात. पहिल्या दिवशी हात आपोआप मांडीकडे जातात. पदर सावरायचा म्हणून, असे सांगितले जाते, पण खरे तर मांडी दाबल्याशिवाय उठता येत नसते. आकडा वहीत लिहायचा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचे. वर्षभरात किती सहली काढल्या आणि किती सत्कार केले, यापेक्षा या वहीतले आकडे केंद्राबद्दल जास्त सांगतील.

2. बिबट्याच्या मुलखातला फेरफटका

‘रोज पहाटे तासभर चालत जा,’ असे डॉक्टर सांगतात. पुण्याच्या सहकारनगरात तो सल्ला ठीक आहे. मंचरच्या पुढच्या मळ्यात तो जिवावर बेतू शकतो.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी हा भाग बागायती केला. पाणी आले तसा ऊस आला आणि त्या उसात बिबट्यांच्या पिढ्या जन्मू लागल्या. जुन्नर वनविभागात येणारे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके आज त्या भीतीत जगतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात लहान मुले आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यात गेली. अंधारात एकटे बाहेर पडू नका, वाकून किंवा बसून काम करताना सावध राहा, असे वनखाते सांगते. एकटे चालणारे आणि वाकलेले शरीर म्हणजे बहुधा म्हातारे माणूसच.

परिणाम असा की दिवेलागणीनंतर आणि उजाडण्यापूर्वी म्हातारी माणसे दार लावून बसतात. उन्हाळ्यात दिवसा ऊन, पावसाळ्यात चिखल. चालायला सुरक्षित वेळ आणि सुरक्षित जागा दोन्ही उरत नाहीत. ज्येष्ठांनी सक्रिय राहावे असे भाषणात सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे. सकाळी दहा ते बारा आणि दुपारी तीन ते पाच, छताखाली किंवा शाळेच्या कुंपण असलेल्या मैदानावर, चारचौघांच्या सोबतीने चालणे, हे या भागापुरते त्याचे उत्तर आहे. शहरातल्या नाना-नानी पार्कची नक्कल इथे उपयोगी नाही.

3. मळ्यापासून किती अंतर?

जपानमधल्या आयची प्रांतातल्या ताकेतोयो या गावाने 2007 पासून ज्येष्ठांसाठी छोट्या बैठका सुरू केल्या. ज्येष्ठांनीच चालवायच्या, ठरलेल्या दिवशी भरवायच्या. गप्पा, खेळ, गाणी, हलका व्यायाम. पुढे संशोधकांनी पाच वर्षांचा हिशेब मांडला. बैठकांना नेमाने येणाऱ्यांमध्ये परावलंबी होण्याचे प्रमाण न येणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास निम्मे निघाले. ‘जे मुळात धडधाकट तेच येत असतील,’ ही शंका त्यांनाही होती. म्हणून त्यांनी घरापासून बैठकीपर्यंतचे अंतर हिशेबात घेतले. बैठक जितकी जवळ तितकी माणसे जास्त येत होती, आणि हा अंतराचा भाग धरूनही फायदा टिकला.

जुन्नर-आंबेगावसाठी या अभ्यासातली अंतराची गोष्ट सगळ्यात मोलाची आहे. इथे वस्ती गावठाणात एकवटलेली नाही. पूर्वेला माणसे आपापल्या मळ्यात राहतात, पश्चिमेला डोंगरातल्या वाड्यांमध्ये. गावठाणातले 50 लाखांचे भवन दोन किलोमीटर लांबच्या मळ्यातल्या आजीसाठी असून नसल्यासारखे. एका भव्य इमारतीपेक्षा पाच साध्या खोल्या बऱ्या. आणि खोल्या आहेतच : पट कमी झाल्याने रिकामे पडलेले जिल्हा परिषद शाळांचे वर्ग, समाजमंदिरे, देवळांचे सभामंडप, दूधसंस्थांच्या ओसऱ्या.

म्हातारी माणसे घराबाहेर पडायला तयार नसतात, असे म्हणणाऱ्यांनी एसटीचा अनुभव आठवावा. ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास मिळाला आणि राज्यभर ज्येष्ठांनी गाड्या भरल्या. लेकीकडे, देवाला, दवाखान्यात, जिथे जायचे राहून गेले होते तिथे ते गेले. जायची इच्छा होतीच, सोय नव्हती. पण एसटी तालुक्याला नेते, शेजारच्या मळ्यात नेत नाही.

4. घाटाखालची शाळा

नाणेघाट उतरला की मुरबाड तालुका लागतो. जुन्नरच्या या शेजारी तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तिथे 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. शिवजयंतीच्या सुमाराला गावात वाचन चालू असताना ‘आम्हालाही वाचता आले असते तर,’ असे म्हाताऱ्या बायका बोलून गेल्या, त्यातून ती निघाली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाट्या, दप्तरे आणि गुलाबी साड्या दिल्या. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस आजी दुपारी दोन ते चार शाळेत येऊ लागल्या. गावातलीच एक सून त्यांना शिकवू लागली.

देशोदेशीच्या छायाचित्रकारांनी गुलाबी साड्या टिपल्या. त्या सुंदर होत्याच. पण शाळेचे बळ तिच्या साध्या बारकाव्यांत आहे. वेळ दुपारची, म्हणजे सकाळचा स्वयंपाक, पाणी आणि जनावरे आटोपल्यावरची. गणवेश, म्हणजे घराबाहेर पडताना ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला उत्तर तयार. प्रत्येकीच्या नावाने लावलेले एक झाड, म्हणजे पाणी घालायला येणे आले. आणि हजेरी! जिला आयुष्यभर कोणी नावाने हाक मारली नव्हती, अमक्याची आई आणि तमक्याची सासू एवढीच जिची ओळख, तिचे नाव रोज मोठ्याने पुकारले जाऊ लागले. नजर अधू झालेल्या, हात थरथरणाऱ्या या बायकांपैकी अनेकींना आज शिकलेले अक्षर उद्या आठवत नसे. तरी त्या येत राहिल्या. साक्षर किती झाल्या, या एकाच फूटपट्टीने या शाळेचे यश मोजणारे तिचा गाभा चुकवतात.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी पण टाळता येण्याजोगी 14 कारणे सांगितली. त्यांत लहानपणचे अपुरे शिक्षण, ऐकू कमी येणे, दिसू कमी येणे, हालचालीचा अभाव आणि एकटेपणा आहे. भारतात साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 7.4 टक्के असल्याचा अंदाज आहे आणि ते ग्रामीण भागात व स्त्रियांत जास्त आहे. ज्यांना शाळा मिळाली नाही, ज्यांना श्रवणयंत्र परवडले नाही आणि ज्यांचे बाहेर जाणे विहीर व शेतापुरते राहिले, त्यांच्याच वाट्याला हा आजार अधिक येतो. फांगण्याची शाळा यातल्या निदान दोन-तीन कारणांना थेट हात घालते.

5. गावाला गरज लागेल असे काम

नुसता व्यायाम आणि शिकणे यांवर केंद्र फार दिवस टिकत नाही. माणूस टिकतो तो आपल्यावाचून अडते हे कळल्यावर. अमेरिकेत 1990 च्या दशकात ‘एक्स्पीरियन्स कोअर’ हा कार्यक्रम याच विचारातून उभा राहिला. बाल्टिमोरमध्ये ज्येष्ठ स्वयंसेवक आठवड्याचे पंधरा तास प्राथमिक शाळांत मुलांना वाचायला मदत करत. व्यायाम करा म्हटले असते तर यातले कित्येक आले नसते. मुलांसाठी म्हटल्यावर आले, जिने चढले, चालले, विसरलेले आठवू लागले.

जुन्नर-आंबेगावात अशा कामांना तोटा नाही. 2018 मध्ये राज्य सरकारने जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका जाहीर केला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाटातला सातवाहनकालीन शिलालेख पाहायला लोक येतात आणि फलकावरच्या चार ओळी वाचून परत जातात. आळ्याच्या रेड्याची समाधी, ओतूरला श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वरापुढे तांदळाच्या पिंडी कशा रचतात, बैलगाड्याच्या घाटावर बारी कशी सुटते, हे सांगणारी माणसे गावातच बसून आहेत. नारायणगाव तर तमाशाची पंढरी. विठाबाईंच्या काळात राहुट्यांतून फिरलेली, उभे आयुष्य ढोलकीच्या तालावर काढलेली माणसे आज म्हातारी झाली आहेत. ज्या गावकीने त्यांची कला पाहिली, तिने त्यांना केंद्रात सन्मानाची खुर्ची द्यायला नको का?

पश्चिमेकडच्या महादेव कोळी वाड्यांतले ज्ञान वेगळे. हिरडा कधी झोडायचा, देवराईतले कोणते झाड तोडायचे नाही, पहिल्या पावसानंतरची कोणती रानभाजी कशी शिजवायची आणि कोणती विषारी, हे तिथल्या आजींना ठाऊक आहे. डोंगरउतारावर दगड रचून, सगळ्यांनी मिळून एकेकाची खाचरे तयार करण्याची पडकईची रीतही या पट्ट्यातली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने पडकईचे काम पुढे नेले आणि 2012 मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दगडाचा कोणता तोंडवळा बाहेर ठेवायचा हे सांगायला म्हातारा माणूसच लागतो. शाळेचा एक तास आठवड्याला या माणसांच्या हाती दिला तर मुलांचे शिकणे आणि ज्येष्ठांचे बाहेर पडणे एकाच वेळी साधते.

6. कोण येत नाही, ते आधी पाहा

मोठ्या गावांतून ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि त्यांचे काम मोलाचे आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतले, एसटीतले, फौजेतून परतलेले लोक ते चालवतात. दाखले काढून देणे, आरोग्य शिबिरे भरवणे, सहली नेणे ही कामे त्यांनी कोणाच्या मदतीची वाट न पाहता केली. पण तिथे पेन्शनवाले पुरुष जास्त दिसतात. शेतमजूर बाई, एकटी राहणारी विधवा, बहिरा झालेला गुराखी सहसा दिसत नाही.

शिरूर तालुक्यातल्या वढू इथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात पन्नाशीपुढच्यांची पाहणी केली. त्यात स्त्रियांनी आणि कमी शिकलेल्यांनी आपली तब्येत व कामाची क्षमता अधिक वाईट असल्याचे सांगितले. हा जुन्नर-आंबेगावचा शेजार आहे. चित्र फार वेगळे असण्याचे कारण नाही. ज्यांना केंद्राची सर्वांत जास्त गरज, तेच येत नाहीत. म्हणून यादी सभासदांपासून सुरू न करता आशाताईच्या वहीपासून सुरू करावी. घरोघर जाणाऱ्या आशाताईला कोणत्या घरात कोण आठवडाभर उंबऱ्याबाहेर आले नाही, हे माहीत असते. त्या नावांपुढे हजेरी लागू लागली तर केंद्र चालले, असे म्हणावे.

श्रवणयंत्रांची गोष्टही इथेच येते. 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्यांना साहाय्यक साधनांसाठी 3 हजार रुपये मिळतात. पैसे खात्यात येतात, साधन घरी येते आणि पुष्कळदा कपाटात जाते. श्रवणयंत्राचा आवाज सुरुवातीला त्रास देतो, बॅटरी संपते, काठीची उंची चुकते. रोज चार माणसांत बसायचे असेल तरच माणूस यंत्राची सवय करून घेतो. वापरायला निमित्त नसेल तर दिलेले साधन वाया जाते.

7. आक्षेपांची उत्तरे

सर्वांत वजनदार आक्षेप वारकऱ्यांच्या मुलखात साहजिकच येणार : ‘भजनी मंडळ आहे, काकडा आहे, सप्ताह आहे, वारी आहे. नवे केंद्र कशाला?’ हे खरेच आहे की या भागात ज्येष्ठांना सक्रिय ठेवणारी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात यशस्वी व्यवस्था वारकरी संप्रदायाने उभी केली. तिथे तिथी ठरलेली असते, पाठांतर असते, टाळाच्या ठेक्यावर उभे राहणे आणि पावली असते, पंढरपूरपर्यंत चालणे असते, आणि एखादा विणेकरी आला नाही तर चौकशी होते. केंद्राला जे हवे ते जवळपास सगळे तिथे आहे. तेव्हा केंद्राने भजनाशी स्पर्धा करू नये, सभामंडपातच सुरू व्हावे. पण दोन मर्यादा मान्य कराव्या लागतील. गुडघे गेलेला, ऐकू न येणारा माणूस भजनातून हळूहळू गळतो आणि त्याला परत आणण्याची व्यवस्था तिथे नाही. शिवाय गावात मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, देवळात न जाणारे आहेत. त्यांचे म्हातारपणही गावाचेच आहे. म्हणून सभामंडपाबरोबर शाळेची खोलीही हवी.

दुसरा आक्षेप कुटुंबाच्या अभिमानाचा. ‘आमच्या घरात माणसं आहेत, आई-बापाला बाहेर कशाला पाठवू?’ पण दिवसा घरात कोण असते? मुलगा कंपनीत, सून शेतात किंवा टोमॅटोच्या तोडणीला, नातवंडे शाळेत. माणसांनी भरलेल्या घरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा म्हातारी एकटी असते. केंद्र तिला घरापासून तोडत नाही; संध्याकाळी ती घरी सांगण्यासारखे काहीतरी घेऊन येते. आणि जी आजी दिवसभर नातवंडे सांभाळते तिला तर दोन तासांची सुट्टी कुटुंबानेच मिळवून द्यायला हवी.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे : ज्येष्ठांना काम द्या म्हणजे म्हाताऱ्यांना फुकट राबवा, असे तर होणार नाही? श्रावणबाळ योजनेत महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला केंद्र सरकारचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी महिना 200 रुपये आहे. या पैशांत ज्यांचे भागत नाही, त्या बाया सत्तरीतही रोजाने कांदा काटायला जातात. त्यांना ‘सक्रिय राहा’ म्हणणे क्रूरपणाचे होईल. त्यांना आधी पुरेशी पेन्शन हवी, आणि केंद्रात आल्याने रोज बुडत असेल तर निदान दुपारचे जेवण हवे. शाळेत शिकवणाऱ्या किंवा पर्यटकांना माहिती देणाऱ्या ज्येष्ठाला मानधन द्यावे. पगारी माणसाची जागा भरण्यासाठी केंद्रातला म्हातारा कधीही वापरू नये. यात तडजोड नको.

पैशाचा आक्षेप त्या मानाने हलका आहे. खोली आहे. गावातल्या उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली आहेत आणि त्यांनी द्यायच्या बारा सेवांत ज्येष्ठांची काळजी अधिकृतपणे येते. तिथला समुदाय आरोग्य अधिकारी आठवड्यातून एकदा येऊन रक्तदाब-साखर तपासू शकतो आणि तोलाचे व्यायाम शिकवू शकतो. ग्रामपंचायतीच्या निधीत महिला-बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के राखले जातात; ज्येष्ठांच्या केंद्रासाठीही ठरावीक हिस्सा बांधून द्यावा. केरळातल्या पंचायती ‘पकल वीडू’ नावाची ज्येष्ठांची दिवसाची घरे चालवतात. महाराष्ट्रातल्या पंचायतींना ते अवघड जाण्याचे कारण नाही. मुख्य खर्च माणसाचा आहे : हजेरी घेणारी, आजारी पडलेल्याच्या घरी जाणारी, खोली उघडणारी एक पगारी बाई. या एका पगारात काटकसर केली की महिन्याभरात खोलीला कुलूप लागते.

सुरुवात कुठून

पूर्व भागात नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव इथल्या ज्येष्ठ नागरिक संघांकडे अनुभव आहे. त्यांनी आपल्या गावठाणाबाहेरचे दोन-दोन मळे दत्तक घ्यावेत आणि तिथल्या शाळेच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस बैठक सुरू करावी. पहिल्या दिवशी खुर्चीची चाचणी, तिसऱ्या महिन्यात परत चाचणी.

पश्चिम भागात रस्ता वेगळा आहे. जुन्नर आणि आंबेगावचा डोंगरी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे तिथल्या ग्रामपंचायतींना पेसा कायद्याखालचा पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. आरोग्य आणि शिक्षण दोन्ही त्यात बसते. आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला पाऊस सुरू झाला की चार महिने वाड्या एकमेकींपासून तुटतात आणि म्हातारी माणसे चुलीजवळ कोंडली जातात. म्हणून तिथे केंद्राचा ठराव 1 मे च्या ग्रामसभेत व्हायला हवा. वाडीतल्याच एका घराची ओसरी किंवा अंगणवाडीची खोली जूनच्या आत ठरली पाहिजे, तिच्या छपराची गळती काढली पाहिजे, आणि सरपण, घोंगड्या व कोरडी वाट यांची सोय झाली पाहिजे. पूर्वेकडचे केंद्र बारा महिने सारखे चालेल. डोंगरातले मात्र याच चार महिन्यांसाठी उभे करावे लागेल.